कोकणातलं जुनं चिरेबंदी घर पाहुण्यांसाठी तयार करताना: भिंती, लाकूड, जमीन, उजेड आणि सजावट

कौलं उतरवून वासे-रिपा बदलून झाल्या, जोतं सावरलं, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप टाकून झाले. म्हणजे मोठा खर्च झाला आणि मालकाला घाई सुटली. जांभ्याच्या जुन्या घरांची बहुतेक नासाडी याच टप्प्यावर होते. सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत प्लास्टिक पेंट, तुळयांना मेलामाइन पॉलिश. एप्रिलमध्ये घर फोटोत छान दिसतं आणि ऑगस्टमध्ये भिंतींना पोपडे सुटतात.

जांभा पाणी पितो आणि परत सोडतो. जुन्या जोत्याखाली ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढणारच. ती बाहेर पडायला वाट ठेवली तर भिंत शंभर वर्षं टिकते. वाट बंद केली की ओल रंगामागे साचते, सोबत आलेले क्षार तिथेच जमतात आणि गिलाव्याला लोणा लागतो. पुढचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीला धरून घ्यायचा.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि एप्रिलअखेर संपतो. क्रम साधारण असा: वायरिंगच्या नळ्या, मग गिलावा, चुन्याचे पहिले दोन हात, जमीन, लाकूडकाम, चुन्याचा शेवटचा हात आणि सगळ्यात शेवटी दिवे, कड्या, पडदे. शेवटच्या हाताआधी जमीन गोणपाट आणि प्लास्टिकने झाकायची. लाल कोब्यावर (सिमेंटच्या घोटलेल्या लाल जमिनीवर) पडलेले चुन्याचे शिंतोडे सहज निघत नाहीत.

भिंती

आधी ओल तपासा. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा दिसला तर ती खोलीतल्या हवेची आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या की निभावतं. पहिल्या प्रकारात गिलावा करायची घाई करू नका. जुना सिमेंटचा गिलावा असेल तर छिन्नीने हळूहळू काढा, भिंत महिना-दीड महिना उघडी राहू द्या. वर येणारा पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतला तर तोच क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो.

चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) १५ ते २० मिलिमीटर खोल खरवडून घ्या, म्हणजे गिलाव्याला पकड मिळते. गिलाव्याला १ भाग मुरवलेला चुना आणि ३ भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यातलं मीठ भिंतीत कायमचं राहतं आणि दर पावसाळ्यात ओल खेचून आणतं. चुना विझवून किमान १५ दिवस पाण्याखाली मुरलेला हवा. अर्धवट विझलेला खडा गिलाव्यात गेला की तो काही आठवड्यांनी फुगतो आणि भिंतीवर फोडासारखा खड्डा पडतो. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, तो आवळल्यावर दुसरा ५ ते ६ मिलिमीटर. सात दिवस ओलं गोणपाट किंवा पाण्याची हलकी फवारणी. ऊन लागणाऱ्या भिंतीवर हे टाळलं तर बारीक तड्यांचं जाळं उठतं. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे, पण ज्यांच्याकडे तिचं प्रमाण जाणणारा गवंडी आहे त्यांनीच त्या वाटेला जावं.

चुना विझवताना लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा, उलट कधीच नाही. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. डोळ्यात गेलंच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं आणि लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

सफेदीसाठी १ किलो चुन्याला एकूण साधारण ५ लिटर पाणी. एक रात्र ठेवून जाड कापडातून गाळा. डिंक किंवा सरस गरम पाण्यात विरघळवून लिटरला ४ ग्रॅम घाला. नीळ घालायचीच तर किलोमागे ३ ग्रॅमच्या वर नको, नाहीतर भिंती शाळेच्या इमारतीसारख्या दिसतात. भिंत आधी ओली करा, मग पातळ हात मारा. लावताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, दुसऱ्या दिवशी पांढरा होतो. हे माहीत नसलेला रंगारी "झाकत नाही" म्हणून दाट करतो आणि दाट चुना खपल्या धरून निघतो. तीन पातळ हात, दोन हातांत एक दिवस.

रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती किंवा ऑक्साइडचे रंग चुन्यात टिकतात; चुन्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्क्यांत ठेवा. एका खोलीचा सगळा रंग एकदम कालवा. दुसऱ्या बादलीची छटा जुळत नाही.

चुन्याची खोड एकच: टेकलं की कपड्याला लागतो. घरच्या माणसांना सवय असते, पाहुण्यांना नसते. पलंगाच्या डोक्याशी चार फूट उंचीपर्यंत लाकडी फळी किंवा वेताची चटई बसवा, बाकाच्या मागेही तसंच. बजेट असेल तर पोटॅशियम सिलिकेटचा खनिज रंग मिळतो. तो हाताला लागत नाही आणि भिंतीची वाफही अडवत नाही. मात्र आधीचा प्लास्टिक पेंट पूर्ण खरवडल्याशिवाय चुनाही धरत नाही आणि हाही धरत नाही.

दर्शनी भागात चिरा उघडा ठेवायची हल्ली हौस आहे, आणि एखादी भिंत तशी शोभतेही. पण घरातल्या चारही भिंती उघड्या ठेवल्या तर खोली अंधारी होते आणि चिऱ्याची लाल भुकटी अंथरुणावर पडत राहते. उघड्या भिंतीच्या दर्जा चुन्यानेच भरा. वर व्हार्निश अजिबात नको. तो सुटतो, काळा पडतो आणि खरवडून काढताना चिऱ्याचा पापुद्रा घेऊन निघतो. सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं, पृष्ठभागावर थर न धरणारं द्रव्य वापरा, तेही भिंत पूर्ण सुकल्यावर आणि आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून पाहून.

लाकूड

खांब, तुळया, चौकटी आधी टोचून पाहा. पेचकस जोर न लावता आत शिरत असेल तर ते लाकूड कुजलंय; त्यावर पॉलिश करणं म्हणजे पैसे पाण्यात. खांबाचं तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकणारं टोक आणि वळचणीजवळची वाशाची टोकं या दोन जागा हमखास निघतात. खाली ताजं, फिकट पीठ पडत असेल तर भुंगेरा अजून आत आहे. चाचणी सोपी: पीठ झाडा, खाली काळा कागद ठेवा, आठवड्याने पाहा.

भुंगेऱ्यासाठी १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. पॉलिश उतरवलेल्या, कोरड्या लाकडाला ब्रशने दोन हात, मध्ये चार-पाच तास. मग आठवडाभर वाळू द्या. तेल किंवा व्हार्निश असलेल्या लाकडात हे मुरत नाही, आणि पावसात भिजणाऱ्या जागी धुऊन जातं, त्यामुळे आतल्या लाकडालाच उपयोगी. वाळवीची गोष्ट वेगळी. ती जमिनीतून येते, म्हणून भिंत आणि जमीन मिळते तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडावं लागतं. हे परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच करून घ्या, कोबा घालण्याआधी करा आणि विहीर किती अंतरावर आहे ते त्याला आधी दाखवा. जांभ्यातून पाणी झिरपतं तसं औषधही झिरपतं.

जुना ऑइलपेंट काढताना तोंडाला चांगला मास्क बांधा आणि ओला पॉलिश पेपर वापरा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. जवळपास लहान मुलं नकोत. कागद ८०, मग १२०, शेवटी २२० नंबर. चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या माजघरातल्या तुळया मात्र घासून पिवळ्या करायचा हट्ट सोडा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून काजळी पुसा, लगेच साध्या पाण्याने पुसून घ्या (सोड्याने सागवान काळवंडतं), आणि उरलेला काळा रंग तसाच राहू द्या. तो घराचा आहे, आणि नवीन पॉलिशने तो आणता येत नाही.

वरून जवसाचं डबल बॉइल्ड तेल. पहिला हात तेल आणि टर्पेन्टाइन निम्मे-निम्मे, दुसरा तीनास एक. लावल्यावर २० मिनिटांनी जे मुरलं नाही ते कोरड्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर चिकट राहतं आणि धूळ धरतं. दोन हातांत दोन-तीन कोरडे दिवस. कच्चं जवसतेल घेऊ नका. ते आठवडे वाळत नाही आणि पहिल्याच पावसात त्यावर बुरशी येते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेतात. ती उन्हात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. लाकडी घरात ही सूचना कामगारांच्या जेवणाच्या जागेवर लिहून लावावी इतकी महत्त्वाची आहे.

पडवीच्या खांबांना हाच हात दर वर्षी, पावसाळा संपून लाकूड कोरडं झालं की.

जमीन

शेणाने सारवलेली जमीन पाहुण्यांना फोटोत आवडते आणि बॅगेच्या चाकांखाली उखडते. ती अंगणात आणि तुळशीवृंदावनाभोवती ठेवा. खोल्यांत लाल कोबा किंवा शहाबादी फरशी.

कोब्याला खाली सिमेंट-वाळू १:३ चा २० ते २५ मिलिमीटर थर. तो आवळला पण वाळला नाही, अशा वेळी त्याच दिवशी वरचा थर चढवायचा. त्यासाठी ५ किलो सिमेंटला ५०० ग्रॅम लाल ऑक्साइड, कोरडंच कालवून दोनदा चाळून घ्यायचं. ऑक्साइड याहून जास्त घातलं तर थर कमजोर होतो. दाटसर कालवून २ ते ३ मिलिमीटर पसरा आणि पोलादी थापीने तासा-दीड तासाने पुन्हा पुन्हा घोटा. घोटताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरवायची गवंड्यांची सवय असते. ती थांबवा, पुढे तोच थर पापुद्र्यासारखा उडतो. सलग मोठी जमीन तडकते. चार फुटांपेक्षा मोठा चौकोन नको, मध्ये काचेच्या पट्ट्या घाला. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस पाणी उभं ठेवा. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात, आठवड्याला एक, असे चार. जास्त तेल झालं की घसरतं आणि मुंग्या येतात.

बारीक तडे तरी येतातच. ते बुजवायला जाऊ नका, डाग जास्त दिसतात.

न्हाणीघरात वेगळा हिशोब. इथे भिंतीला पाणी लागूच द्यायचं नाही. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, जमिनीवर पूर्ण, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सात फूट. मग मोरीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं करा, पेन्सिलने पातळी आखून ठेवा. ती चाचणी झाल्याशिवाय फरशी लावायची नाही. उतार चार फुटांना एक इंच. फरशी खरखरीत, सांध्यांत इपॉक्सी. पितळी घंगाळ आणि तांब्या ठेवायचा मोह चांगला आहे, पण सोबत साधी प्लास्टिकची बादलीही असू द्या. घंगाळ घासून चकचकीत ठेवणारा माणूस रोज मिळत नाही.

वर पाहिलं की

कौलांखाली उघडी झोपायची खोली ठेवली तर तक्रारी ठरलेल्या: पालीची विष्ठा, कौलांची माती, रात्री उंदीर, मधूनच मांजर. निजायच्या खोल्यांना फळ्यांचं किंवा बांबूच्या तट्ट्याचं छत करा. छत आणि कौलं यांत किमान सहा इंच हवा खेळू द्या, वळचणीकडच्या फटींना बारीक स्टीलची जाळी ठोका. ओटी आणि माजघर मात्र उघडं ठेवा, कौलारू घराची उंची तिथेच कळते. काचेचं कौल एक किंवा दोन, तेही चालत्या जागेवर. पलंगावर काच आली की सकाळी सातला पाहुणा उठून बसतो.

वीज आणि उजेड

दिव्यांना १.५, प्लगना २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर. माळ्यावरून जाणारी एकही वायर उघडी नको, उंदीर कुरतडतात, नळीतूनच न्या. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) आणि नीट अर्थिंग. काळी गोल बटणं आणि चिनीमातीचे खटके मिळतात, शोभतातही, पण आयएसआय छाप पाहून घ्या. जुन्या बाजारातून आणलेले खटके भिंतीवर नुसते सजावटीला लावा, वीज जोडू नका.

दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, ५ ते ७ वॉटचे, आणि एका मोठ्या दिव्याऐवजी चार लहान. पांढऱ्या उजेडावर पावसाळी किडे जास्त येतात, तेव्हा पडवीत तर पिवळाच. प्रत्येक पलंगाशेजारी वाचायचा दिवा, प्लग आणि बटण हाताच्या अंतरावर हवं. वीज जाणार हे धरून प्रत्येक खोलीतला पंखा, एक दिवा आणि न्हाणीघराचा दिवा इन्व्हर्टरवर घ्या. लाकडी घर आहे, म्हणून ओटीवर आणि स्वयंपाकघराबाहेर ४ किलोचं एबीसी अग्निशामक नळकांडं ठेवा. ते लपवण्यात कलात्मकता दाखवू नका.

जुन्या चौकटी बुटक्या असतात. त्या कापून उंच करू नका, भिंतीचं वजन त्यांच्यावर आहे. चौकटीच्या आधी हातभर अंतरावर कपाळाला लागेल असं हलकं तोरण बांधलं की माणूस आपोआप वाकतो. उंबरठ्याजवळ गुडघ्याच्या उंचीवर लहान दिवा लावा.

समुद्र जवळ असेल तर बिजागऱ्या, कोयंडे पितळेचे आणि स्क्रू ३०४ स्टेनलेसचे. किनाऱ्याला लागूनच असेल तर ३१६. मच्छरदाणीची जाळीही स्टीलची घ्या.

सामान आणि सजावट

झोपाळा पडवीतच लावायचा, आणि वाशाला कधीच नाही. सलग, चीर नसलेली, टोचून तपासलेली तुळई हवी. तुळईत आकडा पिळून बसवू नका. ४० बाय ६ मिलिमीटरची लोखंडी पट्टी तुळईभोवती गुंडाळून आरपार १२ मिलिमीटरचे बोल्ट घ्या. तिघं बसली आणि पाट मोजला तर अडीचशे किलोच्या वर जातं, हेलकाव्याचा ताण वेगळा; म्हणून दुप्पट वजन धरून चाला आणि तुळईबद्दल शंका असेल तर इंजिनिअरला दाखवा. पुढे-मागे अडीच फूट मोकळं. दर गणपतीआधी कड्या झिजल्या का ते पाहा.

पलंग भिंतीपासून सहा इंच दूर, फळ्यांत दोन बोटं फट, खाली हवा खेळती. भिंतीला चिकटवलेल्या गादीच्या कडेला ओल धरते. कपाटांना जाळीची किंवा झडपांची दारं; बंद कपाटात जुलैमध्ये आठवडाभरात कुबट वास येतो. सोलापुरी चादर पांघरायला उत्तम: जाड, टिकाऊ, घरच्या मशीनमध्ये निघणारी. पांढऱ्या पलंगपोसांचा विचार विहिरीचं पाणी पाहून करा. पाण्यात लोह असेल तर कापड पिवळं पडतं, आणि ब्लीच घातलं तर तो डाग आणखी पक्का होतो. अशा डागाला सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवणं बरं. सगळ्यात बरं म्हणजे फिकट रंगाचं सुती.

भिंतींवर काय लावायचं? घर तळकोकणात असेल तर पिंगुळीची चित्रकथी आणि सावंतवाडीची लाकडी रंगीत कामं आहेत. वारली चित्रं पालघर-ठाण्याकडची. ती तिकडच्या घरात काढून घ्या, तिथल्याच चित्रकाराकडून. मालवणातल्या प्रत्येक होमस्टेच्या ओटीवर वारली नाच असतो, याचं कारण इतकंच की स्टेन्सिल बाजारात मिळतो. कागदावरचं चित्र बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. फ्रेममध्ये काच आणि कागद यांत पाच मिलिमीटर अंतर ठेवा, मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा जाते.

जातं, उखळ, रोवळ्या, समया सगळंच मांडलं की घराचं संग्रहालय होतं. ज्याला आजही उपयोग आहे ते ठेवा: कोनाड्यात दिवा, खुंटीवर पंचा, पाट जेवायला, सुपात फळं. बाकीचं माळ्यावर.

पावसाआधी

मेअखेर पडवीच्या नैऋत्य बाजूला झड येते तिथे विणलेली झापं बांधा. अंगणातल्या चिऱ्यांच्या पायवाटेवर शेवाळ धरतं. ताठ ब्रशने घासा, ब्लीचिंग पावडर विहिरीपासून लांबच वापरा, आणि उताराच्या पायऱ्यांना छिन्नीने टाके मारून खरखरीत करा. मंगलोरी कौलं १०० चौरस फुटांना साधारण १४० लागतात. शंभरेक जादा घेऊन मागच्या पडवीत रचा, कारण वानरं दर वर्षी काही फोडतातच. ती घेताना पाठीवरचा छाप जुन्या कौलाशी जुळवून पाहा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत, आणि गळती नेमकी त्याच सांध्यातून सुरू होते.